पाठमोरे डॉक्टर

कवळीवाल्यांनी वरचा डावा सुळा मेणात बसवला आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. हात हलला, सुळा वाकडा झाला. बेल वाजवणाऱ्याला मनातल्या मनात दोन शब्द सुनावून त्यांनी तो सरळ केला, मेण घट्ट होईपर्यंत बोटानं धरून ठेवला आणि मगच उठले. माणूस दारात उभा राहू शकतो, मेण थांबत नाही.

दारात एक मुलगी होती. पंचविशीची असेल. जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आणि आपण चुकीच्या घरी आलो असलो तर बरंच, असा चेहरा.

“सावकाश इथेच राहायचा ना?”

“कोण?”

“सावकाश,” ती म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. “म्हणजे तुमचा मुलगा. खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही, काका. इंटरनेटवर गेम खेळणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे, तिथे तो सावकाश. मी तळटीप. छापखान्याचं त्याच्या बोलण्यात यायचं, पत्ता तिथून घेतला.”

कवळीवाले तिच्याकडे बघत राहिले. मुलगा जाऊन चार महिने होत आले होते. सकाळी छापखान्यात जायला म्हणून निघाला आणि चौकातल्या वळणावर संपला. भेटायला यायचे ते सगळे येऊन गेले होते. खुर्चीच्या कडेवर बसून, अर्धा चहा ठेवून, धीर धरा म्हणून गेले होते. मुलाबद्दल बापाला ठाऊक नसलेलं काही त्यांतल्या एकालाही सांगता आलं नव्हतं. आणि ही म्हणते सावकाश. नाव मात्र बरोबर ठेवलं होतं पठ्ठ्यानं. जन्माला यायलाही डॉक्टरांची तारीख उलटून जाऊ दिली होती.

“ये आत,” ते म्हणाले. “त्या खुर्चीवर नको. तिथे खालचा जबडा वाळतोय.”

तळटीप स्टुलावर बसली. तिनं जे सांगितलं ते कवळीवाल्यांना निम्मं कळलं, आणि उरलेलं त्यांनी कळल्यासारखं मान हलवत ऐकलं. एक गेम होता. अवकाशात भरकटलेलं मोठं जहाज, त्यात कप्तान, सैनिक, गद्दार, सगळा सरंजाम. त्या जहाजाच्या पार टोकाला एका खोलीत एक शास्त्रज्ञ काम करत बसलेला असतो. खेळणाऱ्यानं तिथे जायचं, टेबलावरची चावी उचलायची आणि पुढे पळायचं, एवढंच त्या खोलीचं काम. शास्त्रज्ञ मागे वळून बघत नाही. त्याला नाव नाही. तोंडावर पट्टी बांधून, वाकून, तो टेबलावर काहीतरी खरवडत असतो.

“आम्ही त्यांना पाठमोरे डॉक्टर म्हणतो,” ती म्हणाली. “आम्ही म्हणजे, आधी फक्त सावकाशच म्हणायचा. लाखो लोक ती चावी उचलून गेले असतील. थांबला तो एकटा. काही न करता नुसतं उभं राहिलं की डॉक्टर बोलतात, हे त्यानं शोधून काढलं.”

“काय बोलतात?”

“बराच वेळ उभं राहिलं की म्हणतात, ‘चावी टेबलावर आहे.’ मग आणखी पुष्कळ वेळानं, ‘अजून इथेच?’ हे आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. त्याच्या पुढेही एक वाक्य आहे, असं सावकाश सांगायचा. शेवटचं. ते मात्र त्याच्याशिवाय कोणीच ऐकलेलं नाही.”

तिनं फोन काढला आणि मुलानं लिहिलेलं वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज बदलला; शाळेत दुसऱ्याची वही वाचायला लावली की होतो तसा.

“‘या जहाजातली मोठी माणसं तुमच्याशी तोंडावर गोड बोलतात आणि पुढच्याच भागात तुम्हाला मरायला पाठवतात. हा एकटा माणूस तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. पण अख्ख्या जहाजात काळजी आहे ती यालाच. कशावरून, ते सांगणार नाही. थांबा आणि ऐका.’”

कवळीवाल्यांनी हातातली मेणाची सुरी खाली ठेवली. पोरगा असं लिहायचा. घरात त्याची वाक्यं तीन शब्दांवर कधी गेली नव्हती. बायको होती तोवर ती दोघांच्या मधली दुभाषी होती. याचं त्याला, त्याचं याला, मधे स्वतःची फोडणी घालून पोचवायची. ती गेली आणि दोन परदेशी माणसं एका घरात राहावीत तसे बापलेक राहिले. शेवटच्या दिवशीचं बोलणं आठवायला बसलं तर काय, तर गॅसची टाकी. “टाकी संपत आलीय,” हे म्हणाले. “बरं,” तो म्हणाला. चपला घातल्या आणि गेला. त्या ‘बरं’वर कवळीवाले चार महिने जगत होते.

“मग आता काय?” त्यांनी विचारलं.

तळटीप पिशवीचा बंद पिळत राहिली. मंडळात एक जण आहे, ती म्हणाली, उलटतपासणी नावाचा. कशावरही सहजी विश्वास न ठेवणारा. मंडळाचा नियम असा, की शेवटचं वाक्य न ऐकलेल्याला सांगायचं नाही. ज्यानं त्यानं थांबून ऐकायचं. पण वाद वाढला तेव्हा सावकाशनं ते शेवटचं वाक्य खासगीत दोघांनाच कळवलं, तिला आणि उलटतपासणीला. उलटतपासणीनं गेमच्या फायली उघडून आतले सगळे आवाज तपासले. ते वाक्य त्यात नाहीच.

“म्हणजे?”

“म्हणजे त्याचं म्हणणं, सावकाशनं ते रचलं.” तिनं घाईनं पुढे जोडलं, “मी तसं म्हणत नाही, काका. पण बाकीचे म्हणायला लागलेत, हसायला लागलेत. डॉक्टरांवरचा त्याचा धागा, म्हणजे त्यानं लिहिलेलं सगळं, मंडळाच्या पहिल्या पानावर आहे. तो काढून ‘थापा’ म्हणून एक विभाग आहे, तिथे टाकायचा का, यावर मतदान घेणार आहेत.”

“थापांत?”

“हो.”

“माझ्या मुलाचं लिहिलेलं?”

कवळीवाले उठून खिडकीपाशी गेले आणि उगाचच मेणाचं भांडं इकडचं तिकडे करून आले. पोराचे दोष त्यांना पाठ होते. आळशी होता, घुमा होता, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा. पण खोटं तो लहानपणीही बोलला नव्हता. काच फुटली की फोडणारा हाच असायचा आणि येऊन सांगणाराही हाच. बायको म्हणायची, याला साधं खोटं बोलता येत नाही, याचं कसं होणार.

“हसतात काय?” ते म्हणाले. “हसतील त्यांचे दात दिसतील. आणि दिसले की त्यातले खोटे कुठले, ते मी सांगतो.”

तळटीप पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता तिला चष्मा काढून पुसावा लागला. मग आपण कशासाठी आलो ते तिनं सांगितलं. सावकाशचा गेम त्याच्या कॉम्प्युटरवर जिथे थांबला असेल, तिथूनच तिला खेळून बघायचं होतं. कदाचित त्यानं आधीच्या एखाद्या भागात काही वेगळं केलं असेल आणि म्हणून त्याच्याच गेममध्ये डॉक्टर ते वाक्य बोलत असतील. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बुधवारी सुट्टी असायची. बुधवारी येऊ का, एवढंच तिचं मागणं होतं.

मुलाची खोली कवळीवाल्यांच्या कामाच्या खोलीला लागूनच होती. मधे एक दार. पूर्वी बाजारात त्यांचं छोटंसं दुकान होतं. बायको गेल्यावर दुकानात बसवेना, म्हणून टेबल, साचे, भट्टी, घासायचं चाक, सगळं गेल्या वर्षी घरी आणलं. टेबल खिडकीशी लावलं, उजेडासाठी. त्यामुळे मुलाच्या दाराकडे त्यांची कायम पाठ. चाक सुरू झालं की कर्र असा आवाज व्हायचा आणि गुलाबी भुकटी उडायची, दोन्ही गोष्टी अशा की शेजारचा माणूस पिसाळावा. पोरगा एक शब्द बोलला नाही. छापखान्यातून आला की कानावर मोठाले हेडफोन चढवून बसायला लागला, एवढंच. त्या डबड्याचा कवळीवाल्यांना राग यायचा. चाक लावायच्या आधी ते दाराबद्दल त्याला सांगून बघायचे, पण ऐकू कुणाला जाणार? रोज सांगायचं, रोज उत्तर नाही, रोज उठून आपणच दार ओढायचं. त्याच्या डोक्याची मागची बाजू, त्यावरचा तो काळा पट्टा, आणि पुढे चमकणारा पडदा. मुलाचं वर्षभराचं दर्शन ते तेवढंच.

पहिल्या बुधवारी तळटीप आली तेव्हा खोलीत धूळ होती. मुलगा गेल्यापासून कवळीवाले त्या खोलीत गेलेच नव्हते. तिनं कॉम्प्युटर लावला, आणि गेम उघडला तर मुलगा तिथेच थांबलेला होता, डॉक्टरांच्या मागे उभा.

“बघा, हे डॉक्टर,” ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी बघितलं. मळकट झगा, वाकलेली पाठ, टेबलावर दिवा. गळ्यामागे पट्टीची गाठ.

“चेहरा कसा आहे?”

“चेहराच नाहीये. वळतच नाहीत, तर काढायचा कशाला, म्हणून बनवणाऱ्यांनी काढलाच नाही. उलटतपासणीनं तेही शोधलं.” ती म्हणाली. “सावकाश खूप भांडला होता तेव्हा. म्हणाला, दिसत नाही म्हणजे नाही असं कोणी सांगितलं?”

ती दुपारभर बसून राहिली. डॉक्टर म्हणाले, चावी टेबलावर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून इथेच? त्यापुढे काही नाही. कवळीवाल्यांनी त्या दिवशी चाक लावलं नाही. पाहुणी पोरगी आत बसलेली, तिच्या कानाशी कशाला कटकट. मेणाचं आणि साच्यांचं बिनआवाजाचं काम उरकत बसले. मधे तिला चहा नेऊन दिला. ती गेली, पण कॉम्प्युटर तसाच सुरू ठेवून गेली, तुम्हीही बसून बघा म्हणाली. आणि मंडळावर कोण काय म्हणतंय ते ती फोन करून त्यांना सांगायला लागली. एकाचं मत, डॉक्टर म्हणजे यंत्र आहे. दुसऱ्याचं, जहाजावर काय होणार ते डॉक्टरांना आधीच कळलंय आणि म्हणून ते कोणाच्या नजरेला नजर देत नाहीत. उलटतपासणीचं, डॉक्टर म्हणजे चावी ठेवायचं टेबल आहे, फक्त त्याला पाठ आहे.

“जिभेला हाड नाही त्याच्या,” कवळीवाले म्हणाले. पण फोन ठेवल्यावर त्यांनाच त्या वाक्याचं जरा हसू आलं, आणि मग पोराला ते वाचून काय वाटलं असेल, या विचारानं ते हसू गेलं.

एका दुपारी ते स्वतः मुलाच्या खुर्चीत बसले. हेडफोन चढवले. त्यांना वाटलं होतं, आत कानठळ्या बसवणारी मारामारी असेल. आत काहीच नव्हतं. जहाजाची लांबून यावी तशी घरघर, आणि डॉक्टरांच्या खरवडण्याचा बारीक आवाज. इतकी शांतता, की आपल्या श्वासाचा आवाज यावा. या शांततेत पोरगा तासन् तास बसायचा. कशासाठी? कवळीवाल्यांनी त्या पाठीकडे एकटक बघितलं. पाठीच्या उजव्या खांद्याला जरा जास्त बाक होता, वर्षानुवर्षं एकाच हातानं काम करणाऱ्याला येतो तसा. काढणाऱ्यानं कोणालातरी नीट बघून काढलं होतं.

“अजून इथेच?” डॉक्टर म्हणाले. पट्टीमागून आलेला, दमलेला, घोगरा आवाज.

“हो,” कवळीवाले म्हणाले. बोलल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली, पण उठवेना. अंधार पडायला लागला तसे ते उठले. डॉक्टर आणखी काही बोलले नव्हते.

दुसरा बुधवार तसाच गेला. तिसऱ्या बुधवारी तळटीप आली ती पडलेल्या चेहऱ्यानं.

“शनिवारी मतदान आहे, काका. बहुतेक आपण हरणार.”

“तू काय मत देणार?”

“मी त्याच्याच बाजूनं. पण मला विचारतील, तू ऐकलंस का, तर काय सांगू? खोटं सांगू? त्याच्या खरेपणासाठी मी खोटं बोलायचं, हे त्याला तरी आवडेल का?”

“ते वाक्य तरी काय आहे?” कवळीवाल्यांनी विचारलं.

“नियम आहे ना.”

“मी बाप आहे त्याचा.”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “नियम त्यानंच केलाय.”

कवळीवाल्यांनी मान डोलावली. नियम म्हणजे नियम. बापाशी तीन शब्द बोलणाऱ्या पोरानं जगाला नियम घालून दिले होते, आणि ही शहाणी मुलगी ते पाळत होती. त्याचंही त्यांना कुठेतरी बरं वाटलं. खोलीत जाऊन तिनं हेडफोन चढवले आणि पडद्याकडे तोंड करून बसली.

त्या दिवशी कवळीवाल्यांचा नाइलाज होता. एका निवृत्त मास्तरांची वरची कवळी संध्याकाळी द्यायचीच होती. मास्तरांच्या नातीचं लग्न उद्यावर आलेलं, आणि मास्तरांना दातांशिवाय फोटोत उभं राहायचं नव्हतं. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. इथे चणे तयार आणि दात टेबलावर. कवळी साच्यातून निघाली होती, पण कडा खरखरीत होत्या. घासल्याशिवाय तोंडात घालणं म्हणजे हिरड्या सोलून घेणं.

त्यांनी नाकावर पट्टी ओढली, गाठ मारली, दिवा जवळ घेतला. कवळी डाव्या हातात धरली. उजवा हात चाकाच्या बटणाकडे गेला आणि मान न वळवता, वर्षभराच्या सवयीनं, तोंडातून आपसूक निघून गेलं:

“दार लोटून घे. धूळ येईल.”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच राहिला. आत मुलगा नव्हता. आत परक्याची पोर होती आणि तिच्याही कानावर ते डबडं होतं. उत्तर आलं नाही. उत्तर येण्याचं काही कारणही नव्हतं. ते उठले, दाराशी गेले. काळा पट्टा, डोक्याची मागची बाजू, पुढे चमकणारा पडदा. आत बसलेल्याला दचकायला होऊ नये म्हणून ते दार नेहमीच हळू ओढायचे. तसंच ओढलं, आणि येऊन चाक लावलं.

कवळीची एक कड घासून होते न होते तोच दार धाडकन उघडलं.

“काका, बोलले.”

चाकाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. तळटीप जवळ आली. हेडफोन गळ्यात लोंबत होते आणि तिचे डोळे भरून वाहत होते.

“डॉक्टर बोलले. शेवटचं वाक्य. अगदी तेच, त्यानं लिहिलं होतं ते. एका शब्दाचा फरक नाही. तो खरं बोलत होता, काका.”

कवळीवाल्यांनी चाक बंद केलं. त्यांना एकदम फार आनंद झाला. पोरगा खरा होता. शनिवारचं काय व्हायचं ते होवो.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

तिनं क्षणभर ओठ दाबून धरले. मग नियमाला आज माफी दिली.

“‘दार लोटून घे. धूळ येईल.’”

कवळीवाल्यांची नजर दाराकडे गेली.

“म्हणून तर आम्ही दोघं अडलो होतो,” ती भराभर बोलत होती. “जहाजात धूळ कुठली, आणि तिथली दारं तर आपोआप सरकणारी, लोटणार काय? उलटतपासणी म्हणायचा, वाक्यच बसत नाही. पण मी ऐकलं ना. पट्टीतून, लांबून आल्यासारखं, पण स्पष्ट. आणि सावकाशनं खाली काय लिहिलं होतं माहितीये? ‘घरातलं माणूस बोलतं तसं बोलतात. स्वतः त्या धुळीत बसलेत आणि ती आपल्यापर्यंत येऊ नये एवढीच त्यांना चिंता. मला ते वाक्य फार आवडतं. मी कधी कधी तेवढ्यासाठीच बसतो.’”

“परत सांग,” कवळीवाले म्हणाले.

“कुठलं? वाक्य?”

“नाही. तो काय म्हणाला ते.”

तिनं परत सांगितलं. या वेळी हळू.

कवळीवाल्यांच्या डाव्या हातात मास्तरांची कवळी होती आणि हातावर, मनगटावर, बाहीवर गुलाबी भुकटी बसली होती. ते ती झटकायला लागले. झटकली तरी जाईना, तरी झटकत राहिले. त्याला ऐकू येत होतं. वर्षभर, रोज, त्याला ऐकू येत होतं. त्यांना त्याला विचारायचं होतं, की बाळा, तुला खरंच ते डॉक्टर वाटले, की तुला माहीत होतं? माहीत होतं आणि तू माझं बोलणं त्यांच्या तोंडी घातलंस? एकदा मागे वळून बघितलं असतंस तर. आणि मी तरी एकदा आत येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला असता तर. विचारायला आता कोणी नव्हतं. जे होतं ते एवढंच, की त्याला ते आवडायचं. तेवढ्यासाठी तो बसायचा.

“काका? बरं वाटत नाहीये का?”

“धूळ गेली डोळ्यात,” ते म्हणाले.

ती स्टुलावर बसून मंडळावर लिहायला लागली होती. लिहिता लिहिता वाचूनही दाखवत होती. मी ऐकलं. सावकाशच्याच गेममध्ये, त्याच्याच खुर्चीत. लगेच उत्तरं यायला लागली. कोणी अभिनंदन केलं, कोणी रडका चेहरा पाठवला. उलटतपासणीनं लिहिलं, एका साक्षीदारावर विश्वास ठेवायचा नाही, असं त्याचं तत्त्व आहे.

“हा असाच,” ती करवादली. “आणखी कोणी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.”

“मी ऐकलंय,” कवळीवाले म्हणाले.

तिनं मान वर केली. “कधी? त्या दुपारी? मग सांगितलं का नाही?”

“वर्षभर ऐकतोय. हेच वाक्य आहे, ते मला कुठे माहीत होतं?”

तिनं त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं, पण हातातला फोन थरथरला आणि ती पुन्हा लिहायला लागली. सावकाशच्या वडिलांनीही ऐकलंय. एकदा नाही, पुष्कळदा. मग उलटतपासणीचं आलं आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं.

“‘वडील सांगत असतील तर मी माझं म्हणणं मागे घेतो. धागा आहे तिथेच राहील. फक्त एक विचारा त्यांना. मला खरंच जाणून घ्यायचंय. ते वाक्य बोलून झाल्यावर डॉक्टर काय करतात? मागे वळतात का?’” ती ओशाळली. “मी बघितलंच नाही, काका. ऐकलं, मग हेडफोन काढून पुन्हा घातले, खरं वाटेना, तशीच पळत आले. तुम्ही बघितलंय?”

कवळीवाल्यांनी कवळी दिव्यासमोर धरली. एक कड अजून खरखरीत होती.

“वळत नाहीत,” ते म्हणाले. “वळायला हवं होतं. पण नाही वळत. उत्तर येतंय का बघतात जरा वेळ. आलं नाही की स्वतःच उठतात. दार ओढून घेतात. हळू, आतल्याला आवाज जाऊ नये असं. मग परत येऊन कामाला बसतात.”

तिनं ते शब्दाला शब्द लिहिलं. शेवटच्या ओळीशी तिचं बोट थांबलं. तिनं मुलाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आपण आत जाऊन बसलो तेव्हा ते सताड उघडं होतं, आणि बाहेर येताना आपण ते ढकलून उघडलं होतं. मग तिनं कवळीवाल्यांच्या पाठीकडे पाहिलं, त्यांच्या उजव्या खांद्याकडे आणि मानेमागच्या गाठीकडे.

“पाठवू?” तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

“पाठव,” कवळीवाले म्हणाले आणि घसरलेली पट्टी त्यांनी डोळ्यांपर्यंत वर ओढून घेतली. “मास्तरांचे दात राहिलेत माझे.”

ती उठून मुलाच्या खोलीत गेली. कवळीवाल्यांचा हात बटणावर होता. त्यांनी तोंड उघडलं, पण या खेपेला काही सांगावं लागलं नाही. मागे दार हळूच, आतून, लोटलं गेलं.

त्यांनी चाक लावलं.